अकरा सेकंद

माझं काम कापण्याचं.
बुधवारी रात्री साडेआठला 'झेप' लागतो,
त्याच्या आदल्या दुपारी मी हेडफोन चढवून बसते,
कर्वे रस्त्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
राखाडी स्पंजच्या भिंतींत.

पाहुणे येतात.
बँकेतली नोकरी सोडून अळिंबी पिकवणारे गृहस्थ,
साठीत कथक शिकून अरंगेत्रम नव्हे हो, रंगप्रवेश
अशी आम्हाला दुरुस्त करणाऱ्या बाई,
एका पायावर सिंहगड चढलेला मुलगा.
सगळ्यांच्या गोष्टीत एक काळी रात्र असते
आणि ती जाहिरातींच्या आधी संपते.

त्यांचे 'म्हणजे' मी कापते, 'अं' कापते,
खुर्चीचं करकरणं, पाण्याचा घोट.
आवंढा लहान असेल तर राहू देते.
ओजस्विनी म्हणते, लहान आवंढा चालतो,
लोकांना धीर येतो.

मग रझिया तांबोळी आल्या.
नाना पेठेत रिक्षांचे मीटर दुरुस्त करतात.
मांडीवर जुन्या ओढणीत गुंडाळलेली आठ इंची काच.
कागदावर लिहिलेलं : स्वतः दुर्बीण बनवली.
ओजस्विनी तिच्या साखरी आवाजात :
पहिल्यांदा चंद्र दिसला, तेव्हा काय वाटलं?

नाही दिसला अजून.

कागद उलटल्याचा आवाज. (हा मी कापला.)

अकरा वर्षं घासतेय, त्या म्हणाल्या.
काचेवर काच, मध्ये पूड आणि पाणी.
मग अंधार करायचा, समोर दिवा ठेवायचा,
ब्लेडच्या धारेवर त्याचा उजेड कापून बघायचा.
काचेवर सावली सरकते, ती सांगते खोट कुठंय.
केसाचा शंभरावा भाग, तेवढी खोट.
दोनदा झालाच होता आरसा.
मीच जास्त घासला.

ओजस्विनीला पुढचा प्रश्न सापडेना.

आणि बोट टेकलं ना, नुसतं बोट,
तर तेवढ्या उबेनं काच तिथे फुगते.
डोंगर दिसतो डोंगर, त्या सावलीत.

मग काय करता?

मग थांबते. निवेपर्यंत.

आणि त्या खरंच थांबल्या.
अकरा सेकंद.
पंखा, एक बांगडी,
खाली वळणावर पीएमपीची बस गिअर बदलताना.
बाकी काही नाही.

हर्डीकर सरांनी ऐकलं. म्हणाले, हा खड्डा आहे.
बुजव. बासरी टाक थोडी.
मी तो तुकडा निवडला, तो निळा झाला.
पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट,
पण अगदी सपाट नाही.
कुणीतरी थांबलंय हे दिसत होतं त्या रेघेत.
बोट कळीवर होतं.
मी बोट उचललं.

शुक्रवारी एक पोस्टकार्ड आलं, सहकारनगरहून.
'दि. १४ रोजी ८ वाजून ५१ मिनिटांनी
आपले प्रक्षेपण अकरा सेकंद बंद होते.
ही अक्षम्य हलगर्जी आहे.
त्या वेळात मी दिवा मालवून गॅलरीत गेलो.
पुष्कळ वर्षांनी वर पाहिले.
ढग होते.
तरी यापुढे काळजी घ्यावी.'
सरांनी ते सूचनाफलकावर लावलं,
ताकीद म्हणून.

रझियाताईंचा फोन नाही आला.
शेवटी मीच गेले नाना पेठेत,
उघड्या मीटरांच्या ढिगामागे त्या,
कोपर-कोपर पांढऱ्या.
ऐकलंत का?
बुधवारी? नाही हो, पूड ओली होती,
मध्येच सोडता येत नाही.

मग हात धुतले, पुसले, परत पुसले,
आणि ओढणी सोडून काच माझ्याकडे दिली.
कडेनं धरा. बोट नको.

मी कडेनं धरली,
आणि श्वास जरा बाजूला सोडला.